राखणदाराची शीव

योगेशच्या मुलीचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस. योगेश हा माझ्या धाकट्या दिराचा, दत्तारामचा, मुलगा. मोपाच्या विमानतळावर तो तेव्हा नुकताच कामाला लागला होता. मुलीचं नाव क्षमा ठेवलं. आमच्या घरात मूल पाळण्यात घालतात त्या दिवशी त्याच्या टाळूला झरीचं पाणी लावायची रीत आहे, आणि ते पाणी घरातल्या थोरल्या बाईने आणायचं. माझी सासू गेल्यापासून थोरली मीच. म्हणून कळशी घेऊन मी झरीवर गेले.

इब्रामपूरला आमच्या घरामागून काजूचा डोंगर चढतो. अर्ध्या चढावर कातळाच्या पोटातून ती झर येते. तिच्याखाली दगडाची डोण आहे आणि डोणीतून निघालेला पाट खाली आमच्या भाटीपर्यंत जातो. भाटी म्हणजे काजूच्या बोंडांचा रस उकळून उर्राक, म्हणजे काजूची दारू, काढायची जागा. मी लग्न होऊन आले तेव्हा फेब्रुवारीत या झरीचा आवाज घरात ऐकू यायचा. बारशाच्या दिवशी मात्र कळशी धरून धरून माझे हात भरून आले. धार अशी नव्हतीच. कातळावरून पाणी ओघळत होतं, तेवढंच.

घरी पोचले तर दत्ताराम दारात उभा. "वैनी, झरीर गेल्लंस की पेडण्याच्या बाजारात?"

"पाणी कमी झाला, भावजी. कळशी भरूक येळ लागलो."

त्याचं हसू तिथेच थांबलं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या. पाहुणे जेवायला बसले तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ज्या वर्सा लावणेक झरीचा पाणी मिळाचा नाय, त्या वर्सा मी भाण पालथा घालतलंय. सांगून ठेवतंय."

हे कळायला भाटी कशी चालते ते सांगायला हवं. भाण म्हणजे तांब्याचं मोठं भांडं. ते चुलीवर असतं आणि त्यात रस. त्याच्या तोंडातून एक नळी निघते ती लावणीत उतरते. लावणी हे मातीचं गोल मडकं. रसाची वाफ नळीतून लावणीत येते. लावणी थंड असली तर त्या वाफेचा उर्राक होतो. लावणी तापली तर वाफ ती वाफच राहते आणि फटींतून निघून जाते. म्हणून माणूस करवंटीच्या डवलीने लावणीवर सारखं गार पाणी घालत बसतो. दत्ताराम म्हणायचा, आग कोणीही घालील, भाटी पाण्यावर चालते. मधून मधून तो हाताची पालथी बाजू लावणीला टेकवून बघायचा. कोयता धरून त्याचा तळहात लाकडासारखा झाला होता, त्याला ऊन-गार कळायचं नाही. पालथ्या हाताला कळायचं.

"बाबा, बोरवेल मारूया," योगेश पंगतीत म्हणाला. "नायतर बर्फ आणून घालूया."

"बर्फ लोक प्यायच्या कोपात घालतत, लावणेर नाय. बोरवेलीचा कोमट पाणी घालून काढलेलो उर्राक माका नको, आणि राखणदाराक तर नकोच नको."

राखणदार म्हणजे झरीच्या अंगालाच, जुन्या आंब्याखाली, आमच्या डोंगराची राखण करणारा देव. मूर्ती नाही, एक उभा दगड आहे. दरवर्षी पहिला उर्राक त्याला द्यायचा, विडी लावून ठेवायची, गाऱ्हाणं घालायचं, मग घरातल्यांनी चाखायचा. आंब्यापासून पलीकडच्या खडकापर्यंतची चार झाडं त्याची. तिथलं वाळकं पानसुद्धा आम्ही उचलत नाही. कधीपासून ते माहीत नाही. माझ्या सासूलाही माहीत नव्हतं.

झर का आटते याचं कारण दत्तारामने त्याच आठवड्यात शोधून काढलं. झरीच्या वरच्या बाजूला, माथ्यावरच्या कातळापर्यंत, काजू नव्हते. किंजळ, कुंभा, करवंदीच्या जाळ्या, वेली, असं रान होतं. खाली त्याचा पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, पाय रुतेल एवढा. "ता रान पाणी पिता," तो म्हणाला. "एवढी तोंडा वर बसल्यार खाली काय येतला? आणि पाऊस पडता तो त्या पातेऱ्यावरच रवता. जमिनीक लागूकच नाय."

आम्हा काजूवाल्यांचं डोकं असंच चालतं. काजूखालची जमीन हंगामाआधी झाडायची, पातेरा जाळायचा, म्हणजे पडलेली बी लांबून दिसते. डोंगर झाडून काढलेला असला की बघणारा म्हणतो, माणूस कामाचा आहे. अंगण आणि डोंगर यांत आम्ही फरकच केला नाही. तेव्हा दत्ताराम जे बोलला ते मलाही पटलं. झाडलेलं चांगलं, न झाडलेलं वाईट, हे मी तरी कुठे वेगळं शिकले होते?

गडी लावून त्याने वरचं रान तोडलं आणि उरलेल्याला आग दिली. त्या वर्षी सत्तरी तालुक्यातले डोंगर पेटल्याच्या बातम्या येत होत्या. आमचा आम्ही हातांनी पेटवला. गवताची आग येते आणि जाते. ही गेली नाही. वरून विझलेली दिसायची, आणि पाय ठेवला की खालून धूर. जमिनीतलं काळं काळं होतं ते आतल्या आत जळत राहिलं. संजना, योगेशची बायको, बाळंतीण होती. खोलीच्या जनेलातून तिला तो धूर दिसायचा.

"काकी, अजून काय जळता थंय?"

"पातेरो."

"इतके दिस?"

मी खिडकी लावून घेतली, बाळाला धूर लागू नये म्हणून. राखणदाराची चार झाडं तेवढी राहिली. दत्तारामने आग द्यायच्या आधी त्यांच्याभोवती पट्टा साफ करून घेतला होता. देवाच्या बाबतीत तो फार सांभाळून असे.

मग पाऊस आला. जून बराच कोरडा गेला आणि नंतर तो असा कोसळला की अंगणापलीकडचं दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी झरीचा आवाज घरात आला. मी धावत बाहेर आले. दत्ताराम माझ्या आधी बाहेर, भिजत उभा. झर हत्तीच्या सोंडेसारखी बाहेर पडत होती. डोण दिसत नव्हती, पाट फुटून पाणी परड्यात शिरलं होतं.

"काय वैनी! काय सांगितलेलंय मी?" तो लहान पोरासारखा ओरडत होता. "तोंडा बंद केली, पाणी सुटला!"

गावातली माणसं बघायला आली. पलीकडच्या वाड्यावरचा विठू तर म्हणाला की पुढच्या वर्षी आपणही वरचं रान काढणार. पाणी लाल होतं, चहात दूध कमी पडावं तसं. पण त्या आनंदात रंगाकडे कोणी बघितलं नाही. मी बघितलं, आणि मला वाटलं, पहिलं पाणी आहे, निवळेल. ते शेवटपर्यंत निवळलं नाही.

संजना मात्र खूश नव्हती. ती सुर्ल्याची, खाणींच्या गावची. तिचे वडील खनिजाचा ट्रक चालवायचे. ती म्हणाली, "आमच्या थंय डोंगर काढलो तेवा खड्ड्यात कितकाय पाणी दिसाक लागला. निळाशार. लोक फोटो काढूक येयत. आणि आमच्या घरची पाण्याची बांय त्याच वर्सा सुकली. दिसता ता पाणी आपला नसता, काकी."

"सुनेक सांग," दत्ताराम मला म्हणाला, संजना समोर असताना, "हय कोणी खाण घालूक नाय. झाडला फक्त."

संजना हायस्कुलात विज्ञान शिकवते. बाळाला मांडीवर घेऊन ती श्रावणात पुढच्या धड्यांची तयारी करत बसायची. मला अक्षर आलं ते साठीनंतर, साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून समोर येईल ते मी वाचते, पोदेर पाव ज्या कागदात बांधून देतो तो कागदसुद्धा. एकदा तिच्या पुस्तकात एक चित्र दिसलं. खाली समुद्र, वर सूर्य, बाण वर जाणारे, ढग, बाण खाली येणारे, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र.

"ही तर भाटी!" मी म्हटलं.

दत्ताराम सोप्यावर सुपारी कातरत होता. तोही उठून आला. चित्र हातभर लांब धरून बघितलं. "व्हय गो. समुद्र म्हणजे भाण. सूर्याची चूल. वरची थंड हवा ती लावणी." मग त्याने बोटाने शोधलं. "पण पडता ता झेलता कोण? भांडा खंय आसा?"

"डोंगर झेलता, बाबा," संजना म्हणाली. "मातयेत. आणि हळूहळू सोडता. तीच आमची झर."

"मगे झेलताच आसा! आयकूक येता मा आवाज?"

"येता. पण ता झेलल्याचो नाय, सांडल्याचो आवाज."

त्याने सुपारी तोंडात टाकली. तिने पान उलटलं. तिथे झाडाचं चित्र होतं. झाड आपलं अंग हवेतून करतं असं त्यात लिहिलेलं. हवेतला एक भाग आत घेतं आणि त्याचंच लाकूड, त्याचंच पान. मी ते दोनदा वाचलं. मातीतून नाही, हवेतून!

"लाकूड हवेचा?" दत्ताराम हसायला लागला. "मगे मी इतकी वर्सा चुलीत काय हवा घालतंय?"

"व्हय बाबा. आणि ती परत हवेतच जाता. पान पडून कुजला तर त्यातला थोडा मातयेत रवता. ता काळा दिसता ना, ता. माती काळी आसली तर पाणी धरता, भुकेल्यासारखी ओढून घेता. आमी ता जाळला. मातयेतला गेला धुरातसून वर. आणि वर गेल्यावर ता धग धरून ठेवता."

"आमच्या एका डोंगराची धग ती कितकी असतली?"

"आमची थोडी. सगळ्यांची मिळून खूप. ट्रकांची, कारखान्यांची, विमानांची."

"म्हणजे माझ्या झिलाच्या विमानांची पण!" हे त्याला फार आवडलं. योगेश कामावरून आला की त्याला ऐकवायचं म्हणून त्याने मनात ठेवून दिलं. मग जरा वेळाने विचारलं, "बरा, धग वाढली तर काय होता?"

"वाफ जास्त होता. वर सारखी जमा होता आणि पडता तेवा एकदम पडता. मगे आठवडे गप."

"भाणाखाली धग जास्त झाली की तसाच," तो सहज बोलून गेला. "भसाभसा येता, नि ता बरा नसता. मगे येयनासाच होता." बोलून झाल्यावर त्याला काय बोललो ते कळलं. पुस्तक खाली ठेवून तो गुरं बांधायला गेला. गुरं केव्हाच बांधलेली होती.

गणपती झाले, दिवाळी झाली. झरीचा आवाज दिवाळीतच बंद पडला. पूर्वी दिवाळीनंतर थंडी सुटायची, सकाळी डोंगरावर दव इतकं असायचं की साडीचा काठ भिजायचा. त्या वर्षी काठ कोरडाच. पौषात मी झरीवर गेले तर कातळ नुसता ओला होता. माघात ओलाही नव्हता. डोणीत तळाला लाल माती बसून तिला भेगा पडलेल्या. मी आयुष्यात त्या डोणीचा तळ पहिल्यांदा बघितला.

दत्ताराम रोज सकाळी जाऊन यायचा. आम्हाला वाटायचं तो काजूचा मोहोर बघायला जातो. मोहोर तरी काय बघणार? मध्येच आभाळ भरून आलं, धुकं पडलं, त्यात निम्मा काळा पडला.

मार्चमध्ये बोंडं आली ती थोडी आणि उशिरा. पहिला रस भाणात भरला. लावणीवर घालायला खालच्या बावडीचं पाणी पिंपात आणून ठेवलं होतं. ते उन्हात तापलेलं. दत्ताराम डवलीने पाणी घालतोय, पालथा हात लावून बघतोय, पुन्हा घालतोय. नळीतून वाफ आली आणि लावणीत थांबेना. भाटीभर वास. वास वाड्यावर गेला. विठू रस्त्यावरून जाताना थांबला.

"दत्तारामबाब, आज अख्ख्या गावाक फुकट पाजतंस काय? माका वासानच चढली!"

इतर कधी दत्तारामने त्याला शिवी देऊन आत बोलावला असता. त्या दिवशी वरसुद्धा बघितलं नाही. चुलीतली लाकडं ओढून काढली. लावणीत जेमतेम बाटलीभर जमलं होतं, आणि तेही पातळ.

"चला," तो म्हणाला. "पैलो हो राखणदाराचो. ता झाला की भाण पालथा."

म्हणजे त्याने ठरवलं होतं. ही भाटी त्याच्या आजोबाची. तो आणि माझे यजमान दोघे लहानपणी याच चुलीपाशी झोपायचे. माझे यजमान गेल्यावर दत्तारामकडे बोलायला माणूस राहिला नाही, भाटी तेवढी राहिली. ती बंद झाली तर तो सोप्यावर बसून संपेल, हे मला दिसत होतं. आणि भर उन्हात ते चढण चढताना मला हेही दिसत होतं की झर आणायला आमच्यापैकी कोणाकडेच काही नव्हतं. बोरवेल नको, बर्फ नको, रडून उपयोग नाही.

राखणदारापाशी आम्ही चौघं. दत्ताराम, योगेश, कडेवर क्षमाला घेतलेली संजना, आणि मी. मी आंब्याखाली केळीचं पान मांडलं. मांडताना पानाखालचा खडा टोचला म्हणून हात खाली घातला, आणि तो तसाच राहिला. खाली गार होतं. वर पातेरा, त्याच्याखाली कुजका पातेरा, त्याच्याखाली काळी माती, आणि ती ओली. बाहेर दोन पावलांवर जळक्या उतारावर तापून भेगा पडलेल्या, आणि इथे मार्चमध्ये बोटांना चिकटणारी माती. मूठ दाबली तर तळव्यावर पाणी आलं.

दत्तारामने कोपात उर्राक ओतला, कोप दोन्ही हातांत धरला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा, झरीवरच्या म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत."

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची असते. आमच्या घरात पहिला होकार थोरल्याचा. त्याने म्हटलं की मग बाकीचे म्हणतात. होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही आणि हातातला कोप खाली ठेवता येत नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मागून योगेश आणि संजना.

"पैलो उर्राक तुका दिल्याशिवाय आमी जिबेक लावूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आंब्यासून त्या खडकापर्यंत तुझी शीव. त्या शिवेतला पान आमी कधी उचलला नाय, काडी कधी पेटवली नाय."

मी गप्प राहिले.

योगेशने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. संजनाने त्याच्या पायावर पाय ठेवला, ते मी बघितलं. दत्ताराम दगडाकडे बघत थांबला. मग मान न वळवता म्हणाला, "वैनी. झोप लागली काय?"

"नाय, जागी आसंय."

"मगे म्हण."

"शीव पुरी झाली नाय. पुरी सांगा, मगे म्हणतंय."

"पुरी म्हणजे? बापजाद्यांनी सांगली ती शीव. आंब्यासून खडकापर्यंत."

"ती लहान पडता. वरच्या कातळापर्यंत सांगा."

आता त्याने मान वळवली. "वैनी, ऊन लागला तुका. वरचा सगळा? मगे साफ कसा करू? आग कशी देऊ?"

"देवाच्या शिवेत आग कशाक देवची?"

"आणि उद्या थंय काजू लायले तर पातेऱ्यात बियो कोण शोधतलो? तू? तुझी कंबर?"

"संजना शोधतली."

"काकी!" संजना म्हणाली. क्षमाला वाटलं काहीतरी गंमत चालली आहे, ती हसायला लागली.

"बाबा, कोप तापता हा," योगेश हळूच म्हणाला.

"तापांदे!" दत्तारामने कोप छातीशी धरला. "गाऱ्हाण्यात कोणी मदी अडवता? तुझो घोव असतो तर..."

"ते असते तर त्यांनीच अडवला असता. भावजी, कोप माझ्याकडे द्या. आणि हय हात लावा. पालथो."

माझ्याकडे कोप देणं चालतं की नाही ते त्याला कळेना, मलाही माहीत नव्हतं. पण त्याने दिला. गुडघा धरत तो खाली बसला. मी पातेरा बाजूला केला. त्याने हाताची पालथी बाजू त्या काळ्या मातीला टेकवली, लावणीला टेकवतो तशीच. काढली नाही. मग तोच हात बाजूला नेऊन जळक्या जमिनीला लावला, आणि लगेच उचलला.

"ही त्याची किरपा," तो म्हणाला. पण आवाज बदलला होता. "त्याच्या जाग्यार गार असतलाच."

"मगे किरपा जरा वाढवून घेऊया. तो काय नको म्हणता?"

"आणि एवढ्यान झर येतली?"

"माका म्हायत नाय."

हे मी खरंच सांगितलं. मला माहीत नव्हतं. जगाची धग आमच्या एका उताराने उतरणार नाही हेही मला कळत होतं. पण आमच्या हातात झेलायचं भांडं तेवढं होतं, आणि ते आम्हीच फोडलं होतं.

योगेशने हात देऊन त्याला उठवलं. त्याने धोतराला हात पुसले नाहीत, मातीच्या हातांनीच कोप घेतला. दगडाकडे तोंड केलं.

"बा राखणदारा, आमची शीव सांगताना चूक झाली. आजसून ह्या आंब्यासून वरच्या कातळापर्यंत, आणि त्या व्हाळापासून ह्या व्हाळापर्यंत, सगळा तुझा. थंय आमी काडी पेटवची नाय, पान उचलूचा नाय. आमचो कोण चुकलो तर त्याका वाटेक लाव. आणि जमलाच तर आमच्या झरीक पाणी दी."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

खाली आल्यावर त्याने बोलल्याप्रमाणे भाण पालथं घातलं. त्या वर्षी बोंडं दुसऱ्यांच्या भाटीवर गेली.

देवासमोर बोललेलं मागे घेता येत नाही. म्हणून त्याने ते नीट पाळलं, कुरकुरत पाळलं. तोडून पाडलेली झाडं उताराला आडवी टाकली, त्यांच्या पाठीशी दगड लावले, म्हणजे येणारी पानं तिथे अडावीत. खाली काजूतलाही पातेरा आम्ही जाळला नाही, बुंध्यांशी ओढून ठेवला. संजनाने आणि मी बिया हातांनी चाचपून शोधल्या. निम्म्या राहिल्या असतील. "साळिंदरांक झाली बाराव्याची पंगत," असं म्हणून दत्ताराम आम्हाला चिडवायचा.

पुढच्या पावसात झर मोठी आली, पण आधीच्या वर्षासारखी नाही. "बघ," तो म्हणाला, "शीव वाढवली नि पाणी कमी झाला." मलाही धास्ती वाटली. पण मी ओंजळीत घेऊन बघितलं तर पाणी स्वच्छ होतं. ओंजळीचा तळ दिसत होता. तळव्यावरच्या रेघा दिसत होत्या.

दिवाळी गेली तरी तिचा आवाज होता. बारीक, पण होता. पौषात होता. दोन हजार पंचवीसच्या शिगम्याला बोटाएवढी धार डोणीत पडत होती. माझ्या लग्नाच्या वेळची झर ही नव्हे. जे इतक्या वर्षांत साठलं होतं ते एका आगीत गेलं, ते एका पावसात कुठून येणार? पण लावणी गार राखायला बोटाएवढं पाणी पुरतं, हात चालू ठेवला तर. दत्तारामने भाण सरळ केलं, चिंच लावून घासलं. कोवळ्या पोराने वाटेकडे बघावं तसा तो त्या पाटाकडे बघायचा. पाडव्यापर्यंत भाटी चालली. नंतर धार तुटली, तेव्हा त्याने स्वतःच चूल विझवली. रागावला नाही. विठूला बोलावून कोप भरून दिला आणि म्हणाला, "वासान नको चढूक, तोंडान पी." विठूने त्या वर्षी आपलं वरचं रान तोडलं नाही. का, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात दत्ताराम खोकत राहिला. आश्विनात अंथरूण धरलं. पडल्या पडल्या तो योगेशकडून गाऱ्हाणं म्हणून घ्यायचा. योगेश विमानतळावरचा गणवेश घालून कॉटपाशी उभा राहायचा, आणि चुकायचा.

"आंब्यासून खडकापर्यंत..."

"खडकापर्यंत नाय रे! कातळापर्यंत. शीव नीट सांग. आणि तुझ्या काकीकडे लक्ष ठेव, ती होकार देवक लबाड आसा."

"आंब्यासून वरच्या कातळापर्यंत," योगेश पुन्हा म्हणायचा. मी दारातून होकार द्यायची, आणि माझ्यानंतर दत्तारामचा आवाज यायचा, "व्हय म्हाराजा."

जानेवारीत एका पहाटे संजनाने मला हाक मारली. मी कळशी घेऊन झरीवर गेले. डोंगरावर दव होतं, साडीचा काठ भिजला. कळशी लवकर भरली, हात भरून आले नाहीत. पाणी मी आधी माझ्या पालथ्या हातावर घेऊन बघितलं. मग घरी नेलं, आणि योगेशने ते बापाच्या तोंडात घातलं.

माझा दीर दत्ताराम दोन हजार सव्वीसच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, राहत्या घरी वारला.